काजवालीचे हात

माझी धाकटी बहीण शिंप्याच्या दुकानात कोटांची काजे करते. काज म्हणजे बटण ज्यातून जाते ती चीर. हल्ली ती बहुतेक ठिकाणी यंत्रावर होते आणि वर्षभरात तिचे दोरे लोंबू लागतात. हाताने केलेले काज कोट विटला तरी शाबूत राहते. चीर बेताने कापायची, तिच्या कडेने मेण लावलेला रेशमी दोरा गाठ घालत फिरवायचा, आणि एकही गाठ शेजारच्या गाठीच्या वर किंवा खाली जाऊ द्यायची नाही. या कामात सुई जितकी महत्त्वाची, तितकेच सुई धरणाऱ्या बोटांचे कातडे महत्त्वाचे. ते मऊ हवे आणि अखंड हवे. हे आरंभीच सांगतो, कारण पुढे जे घडले ते त्या कातड्यावर घडले, आणि ते आठवले की आजही माझे डोके तापते.

बहिणीचे यजमान लवकर गेले. काजांच्या कमाईवर तिने एकुलत्या मुलाला वाढवले, शिकवले, मार्गाला लावले. या माझ्या भाच्याला घरात सगळे सभापती म्हणतात. लहान असताना तो इतर मुलांना जमिनीवर बसवून स्वतः खुर्चीत बसे आणि कोणी कधी बोलायचे ते ठरवी. तेव्हा आम्ही कौतुकाने हसलो. त्या हसण्याची किंमत पुढे माझ्या बहिणीला मोजावी लागली.

मुलगा कमावता झाल्यावर बहिणीने आयुष्यातली एकच चैन केली. स्वतःच्या पैशांनी कपडे धुण्याचे यंत्र घेतले. ते घरात आले त्या दिवशी ती त्याच्यासमोर स्टूल टाकून बसली होती आणि काचेतून गरगरणाऱ्या चादरी पाहत होती.

“दादा, मला धाकटी जाऊ आली बघ,” ती म्हणाली. “सांगितलं तेवढं करते आणि उलट बोलत नाही. इतकी वर्षं मीच घरातली धाकटी आणि मीच थोरली होते.”

तेव्हापासून त्या यंत्राचे नाव जाऊबाई पडले.

गेल्या दोन वर्षांत सभापतींनी पर्यावरण मनावर घेतले. गैरसमज नसावा. ती मनावर घेण्यासारखीच गोष्ट आहे. आमच्या गल्लीच्या टोकाशी साचणारा ढीग मी रोज पाहतो, आणि त्यात फेकून दिलेल्या डायपरांची फुगलेली गाठोडी सर्वांत वर असतात. हे सोडले पाहिजे, ते सोडले पाहिजे, असे कोणी म्हणू लागला तर मी त्याच्या बाजूचा आहे. माझा प्रश्न एवढाच, की सोडलेली वस्तू जे काम करीत होती ते काम कोठे गेले? काम हवेत विरत नाही. ते कोणाच्या तरी पदरात पडते.

भाच्याच्या घरात ते प्रत्येक वेळी एकाच पदरात पडले. त्याने जेवणाच्या मेजावरचे कागदी रुमाल बंद केले आणि कापडी आणले. ते बहिणीने धुवायचे. डबाबंद खाणे बंद झाले; स्वयंपाक बहिणीने करायचा. नात झाली तेव्हा डायपर घरात येणार नाहीत असे त्याने जाहीर केले आणि जुन्या चादरी फाडून लंगोट शिवायला सांगितले. शिवले कोणी ते सांगायला नको. सून रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. बाळंतपणाची रजा संपताच तिला कामावर रुजू व्हावे लागले. बहीण सकाळी धुणे उरकून, नातीला पाळणाघरात सोडून दुपारी दुकानात जाऊ लागली. तरीही तिची कुरकुर नव्हती, कारण जाऊबाई होती.

मग एके दिवशी ती दुकानातून परतली तेव्हा न्हाणीघराबाहेरच्या कोपऱ्यात फक्त एक चौकोनी डाग होता. सभापतींनी जाऊबाई भंगारवाल्याला देऊन टाकली होती. ती जाण्याआधी तिच्याशेजारी उभे राहून छायाचित्रही काढून घेतले होते. विजेवर चालणारे एक यंत्र घरातून कमी केले, याबद्दल त्यांच्या पर्यावरण मंडळातल्या लोकांनी त्यांचे अभिनंदन केले. आईला विचारले नव्हते. वस्तू तिची, पैसे तिचे, आणि त्याग मात्र त्याचा.

मी दुसऱ्याच दिवशी त्याच्यासमोर जाऊन बसलो.

“मामा, तुमच्या पिढीनं सगळं हातानंच केलं ना?” तो शांतपणे म्हणाला. उपदेश करताना तो नेहमी शांत असतो.

“माझ्या पिढीतल्या बायकांनी केलं. त्यांना विचारून आलास का?”

“यात वीज किती वाचते, कल्पना आहे तुम्हाला?”

“तुझ्या आईची किती खर्च होते, तेही एकदा मोज.”

“आईनं कधी तक्रार केलेली नाही.”

“तिनं तुझे लंगोटही तक्रार न करता धुतले. तेव्हा तुला भाषण करता येत नव्हतं, एवढाच फरक.”

तो हसला. मला ते हसणे ओळखीचे होते. खुर्चीत बसलेला मुलगा जमिनीवरच्या मुलांकडे पाहून हसतो ते.

यंत्रापाठोपाठ बाजारची धुण्याची पूडही गेली. तिच्यामुळे नदी बिघडते म्हणून भाच्याने घरी साबण बनवला. कोणत्या तरी माहितीवरून सोडा आणि तेल घोटून केलेला तो पातळ, पिवळट पदार्थ कपड्यांवरचे डाग तसेच ठेवी आणि हाताचे कातडे मात्र काढी. बहिणीच्या बोटांना आधी कोरडेपणा आला, मग पेरांवर चिरा पडल्या. तिने रबरी हातमोजे आणले, तर सभापतींनी ते उचलून बाजूला ठेवले.

“आई, हेसुद्धा शेवटी कचऱ्यातच जाणार. आपण एकीकडे सोडायचं आणि दुसरीकडे धरायचं, याला अर्थ नाही.”

मी तेथे असतो तर ते मोजे त्याच्या तोंडावर मारले असते. बहिणीने ते मुकाट्याने परत केले. तिच्या या मुकाटपणाचा राग मला भाच्यावरच्या रागाइतकाच येई, आणि मी तो तिला बोलूनही दाखवला.

“दादा, पोरगं वाईट नाही रे,” ती म्हणाली.

“वाईट असतं तर बरं झालं असतं. वाईट माणसाला दार दाखवता येतं.”

दुकानाचा मालक कारागीर आहे. सगळे त्याला मास्टर म्हणतात. त्याच्याकडे एक पांढरा कोट शिवायला आला होता. बहिणीने त्याची काजे केली आणि कोट खुंटीवर लावला. संध्याकाळी गिऱ्हाईक आले, कोट अंगात घातला, आणि आरशासमोर बटण लावता लावता थांबले. वरच्या काजाशेजारी मोहरीएवढा तपकिरी डाग होता. रक्त वाळले की तसे दिसते.

मास्टर ओरडला नाही. ओरडला असता तर तिला सोसले असते. गिऱ्हाईक गेल्यावर त्याने समोरचा भाग उसवून नवा कापला, आणि मग तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला.

“मावशी, बोटं दाखवा.” तिने दाखवली. “या बोटांनी रेशीम धरता येत नाही. दोरा अडकतो, लोकर ओढली जाते. हे तुम्हीच मला शिकवलंत. बरी होऊ द्या. महिनाअखेरपर्यंत झाली नाहीत, तर मला काजं बाहेर मशीनवर द्यावी लागतील. आणि एकदा दिली की परत आणणं अवघड जातं, खोटं कशाला बोलू.”

हे तिने मला सांगितले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून ती त्यांच्याकडे अशी पाहत होती, जणू ते कोणी दुसऱ्याने तेथे आणून ठेवले आहेत. डॉक्टरांनी मलम दिले आणि हाताला पाणी लावू नका म्हणून बजावले. सून म्हणाली, “आई, कामावरून आल्यावर मी धुईन.” बहिणीने दिवसभर उभे राहून सुजलेल्या तिच्या पायांकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बादलीपाशी तीच होती.

त्याच आठवड्यात सभापतींच्या मंडळाने त्यांचे घर पाहण्याचे ठरवले. आदर्श घर, असे ते म्हणत. रविवारी सकाळी पंधरा-वीस माणसे आली. खुर्च्या शेजाऱ्यांकडून मी आणल्या, कारण सभापती कागदावरचे मुद्दे पाहत होते. बहीण भिंतीशी, सुनेशेजारी बसली. बोटांना पट्ट्या होत्या, म्हणून तिने हात पदराखाली घेतले होते.

“आमच्या घरानं डायपर सोडले,” भाचा म्हणाला. “आम्ही यंत्र सोडलं. लोक म्हणतात, कठीण आहे. मी सांगतो, अजिबात कठीण नाही. फक्त मनाची तयारी लागते.”

माना डोलल्या. मागच्या रांगेतली, कडेवर मूल असलेली एक बाई उठली.

“ओल्या हवेत लंगोट वाळवता कसे? आमच्याकडे दोन-दोन दिवस ओले राहतात.”

“वाळतात की,” भाचा म्हणाला.

“हो, पण कुठं घालता?”

त्याने कागदावर नजर टाकली. “व्यवस्था आहे आमची.”

ती व्यवस्था भिंतीशी बसली होती. आणि त्याच वेळी आतल्या खोलीत नात रडू लागली. तान्ह्या मुलांचे प्रत्येक रडणे वेगळे असते. हे कशाचे आहे ते खोलीतल्या सर्व बायकांना कळले. भाच्याने आईकडे पाहिले. मग हळूहळू सगळ्यांनीच पाहिले.

“आई,” तो हलक्या आवाजात म्हणाला.

“काय रे?”

“ती रडतेय.”

“हो. ऐकू आलं मला.”

बहीण जागची हलली नाही. सून उठू लागली, तसा बहिणीने पदराखालून हात काढून तिच्या गुडघ्यावर ठेवला. पट्ट्या बांधलेला तो हात तेव्हा सगळ्यांना दिसला. “बस गं तू,” ती म्हणाली. “त्याच्या मनाची तयारी आहे.”

भाचा आत गेला. रडणे वाढले, मग थांबले. बऱ्याच वेळाने तो दारात आला. एका हातावर नात होती, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत अंगापासून लांब धरलेला लंगोट होता.

“आई, साबण कुठं असतो?”

कोणीतरी हसले, आणि मग ते हसणे आवरता आले नाही. मूल कडेवर असलेली बाई मात्र हसली नाही. ती भिंतीपाशी आली, बहिणीचा हात उचलून पाहिला आणि तसाच अलगद खाली ठेवला.

माणसे पांगल्यावर बहिणीने एवढेच सांगितले, की उद्यापासून आपण हाताला पाणी लावणार नाही. तिने लावले नाही. पहिले दोन दिवस बादली तशीच पडली, घरात वास सुटला, तरी तिने लावले नाही. मग भाचा धुऊ लागला. आठवडा सरण्याआधी त्याच्याही बोटांना चिरा पडल्या आणि घरचा साबण ज्या तत्परतेने आला होता, तिच्या दुप्पट तत्परतेने गेला. सून भंगारवाल्याकडे जाऊबाईला परत आणायला गेली. जाऊबाईचे तोवर तुकडे झाले होते. शेवटी सुनेने आपल्या पगारातून नवे यंत्र घेतले. म्हणजे चांगले चालते यंत्र मोडीत गेले आणि त्याच्या जागी कारखान्यातून दुसरे आले. पृथ्वीचा यात काय लाभ झाला ते सभापतींनी एकदा मला समजावून द्यावे. डायपर मात्र घरात आले नाहीत. लंगोट यंत्रात धुतले जातात आणि वाळत घालण्याचे काम भाच्याकडे आहे. ही वाटणी पहिल्या दिवशी झाली असती, तर मी त्याच्या सभेत टाळ्या वाजवल्या असत्या.

महिनाअखेरीस मास्टरने बहिणीची बोटे उजेडात धरून पाहिली आणि एक काळा कोट तिच्यापुढे ठेवला. उजव्या तर्जनीच्या पेराला अजून खरखर आहे. त्या बोटावर ती आता कापडाची चिंधी गुंडाळते. तिला पूर्वीपेक्षा वेळ लागतो.

काल मी दुकानात गेलो ते संतापूनच. सभापती पुन्हा कोठेतरी व्याख्यानाला गेल्याचे कळले होते. आता ते आपले हात श्रोत्यांना दाखवतात आणि सांगतात, की पुरुषांनी धुणे धुतल्याशिवाय पर्यावरण वाचणार नाही, आणि हे आपल्याला अनुभवातून सुचले.

“त्याला सुचलं म्हणे,” मी म्हणालो. “त्याला.”

बहिणीने दोरा मेणावरून ओढला. “बोलू दे रे दादा. तू जाताना आमच्या घरावरून जा, आणि लंगोट दोरीवर आहेत का ते तेवढं बघ.”

मी पाहिले. दोरी रिकामी होती. यंत्राच्या काचेआड ओला गोळा बसून होता. मला ते वाळत घालता आले असते. मी तेथूनच भाच्याला फोन लावला.

“मामा, सभा चालू आहे,” तो कुजबुजला.

“थांबव,” मी म्हणालो. “लंगोट ओले आहेत.”

आणि तो येईपर्यंत मी तेथे खुर्ची टाकून बसलो.