पूर्ण मार्क दिलेलं पान

मास्तरीणबाई जन्मात कधी शाळेत शिकवायला गेल्या नाहीत. तरी ऑफिसात त्यांना तेच नाव पडलं होतं, कारण नऊ वर्षं त्या इंटरनेटवरच्या पानांना मार्क देत होत्या. झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या, अकरा कॉम्प्युटर आणि कुरकुरणारा एक पंखा.

हे सर्च प्रकरण चालतं कसं, ते त्यांनी एकदा भाजी निवडताना धाकट्या बहिणीला सांगितलं होतं. "यंत्र एका पानावरून दुसऱ्या पानावर फिरतं. दिसेल ते वाचतं आणि कुठला शब्द कुठे आहे याची यादी करतं, पुस्तकाच्या शेवटी असते ना, तशी. तू विचारलंस की ते जग धुंडाळत नाही, ती यादी बघतं."

"आणि वर कुठलं, खाली कुठलं?"

"ते यंत्राचं सूत्र ठरवतं. नीट ठरवतंय का, ते आम्ही तपासतो."

"म्हणजे तूच ठरवतेस की!" धाकटीने हे गावभर केलं. बाईंनी दुरुस्ती केली नाही. फुकटचा मोठेपणा कोणाला नको असतो?

एका प्रश्नाला तीन मिनिटं मिळत. गळका नळ, पोपटाची सर्दी, घटस्फोटाचे कागद; विचारणारा कोण ते कधीच कळत नसे. पहिल्या वर्षी बाई लिहिणाऱ्याची माहिती काढत, चार ठिकाणी पडताळून बघत. मग रोजचा आकडा वाढला आणि पान नीटनेटकं दिसलं की त्या मार्क देऊन मोकळ्या होऊ लागल्या. स्पष्ट सांगायचं तर पाट्या टाकणं सुरू झालं. उंटावरून शेळ्या हाकायच्या, त्यात शेळी कोणाची हे कोण बघतो?

धाकटीच्या छातीत गाठ आहे हे घरात कळलं, तेव्हा ती काखेपर्यंत पसरली होती. डॉक्टरांनी विचारलं, "आठ महिने कुठे होतात? न दुखणारी गाठ तर आधी दाखवायची!" धाकटीने फोन पुढे केला. 'गाठ दुखत नसेल तर काळजी नको, वाट पाहा.' वर निळी पट्टी, शेजारी पांढऱ्या कोटातल्या बाईचा हसरा फोटो.

"कसलंही वाचत बसतेस," धाकटीचा नवरा म्हणाला. पुढे तो रोजच हे म्हणू लागला.

मास्तरीणबाईंनी ते पान ओळखलं. चाळीस सेकंदांत त्यांनी ते हातावेगळं केलं होतं आणि पूर्ण मार्क दिले होते. आता रडू येईल असं त्यांना वाटलं. ते आलं नाही. काहीच वाटेना, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना गाठलं. साहेब म्हणाले, "तुमच्या एकटीच्या मार्कांनी पान वर जात नाही हो. हजारोंचे मार्क गोळा करून सूत्र बरोबर आहे का एवढंच बघतात."

"मग नऊ वर्षं माझ्या मार्कांनी काहीच झालं नाही?"

"तसंही नाही म्हणता येणार." साहेबांनी ताकास तूर लागू दिली नाही. बाई जागेवर आल्या आणि संध्याकाळपर्यंत दिवसाचा आकडा पूर्ण केला.

केमोच्या तिसऱ्या सलाइनच्या दिवशी खोलीत दोघीच होत्या. धाकटीने विचारलं, "ताई, खरं सांग. ते पान तुझ्याकडे आलं होतं का गं?"

नाही म्हणणं सोपं होतं. साहेबांचं उत्तरही तयार होतं.

"आलं होतं," बाई म्हणाल्या. "न वाचताच पूर्ण मार्क दिले मी."

धाकटी म्हणाली, "सगळ्यात वर होतं ना, म्हणून वाटलंच मला, ताईच्या नजरेखालून गेलं असणार. म्हणजे मी अगदीच मूर्ख नव्हते." मग ती म्हणाली, "एवढं यांना सांगशील?"

तिचा नवरा बाहेर बाकावर बसला होता. बाई शेजारी बसल्या आणि एकही शब्द न गाळता सगळं सांगितलं. तो त्यांच्यापासून दूर, बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकला.