तोरणाचा शॉट

कॅमेरा धरायला मी शिकलो तो उल्हासनगरात, एका सिंधी शेठच्या दुकानात. अंबरनाथच्या कारखान्यात माझी नोकरी होती, आणि रविवारी लग्नांचं शूटिंग करायची हौस. हौस कसली, खाजच! शेठचा खांद्यावरचा व्हीएचएस कॅमेरा भाड्याने उचलला आणि विठ्ठलवाडीतल्या पहिल्याच लग्नात नुसता नाचलो. नवरदेवावरून पंख्यावर, पंख्यावरून जिलेबीच्या ताटावर. झूम आत, झूम बाहेर. कॅसेट बघून शेठने कपाळाला हात लावला.

"साईं, कॅमेरा है, झाडू नहीं. दुल्हन किधर है?"

मग त्यानेच शिकवलं. शॉट लावला की हलायचं नाही. मनात दहा आकडे मोजायचे, मगच पुढे. माणसाला खिडकीला पाठ करून बसवायचं नाही, तोंड उजेडाकडे हवं. कोपर पोटाला टेकवायचं. मी घरी खांद्यावर पाट घेऊन आकडे मोजत उभा राहायचो, तेव्हा आई विचारायची, "कुणाची वरात काढलीस रे?"

त्याच साली धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, हॉल बदलापूरला. दादा तेव्हा आखातात वेल्डर होता. त्याला रजा मिळाली नाही. वडील गेल्यावर घर त्यानेच ओढलेलं, आणि त्यालाच लग्न बघायला मिळणार नव्हतं. आईला ते फार लागलं होतं. फोनवर ती त्याच्याशी कधी धड बोललीच नाही. शेजाऱ्यांच्या घरात, चार माणसांसमोर रिसीव्हर कानाला लावून ओरडायची, "बरा आहेस ना? मी बरी आहे. ठेव आता, बिल वाढतंय." की झालं!

म्हणून मी ठरवलं, लग्नाच्या कॅसेटमध्ये आई दादाशी बोलेल. निवांत, पोटभर. कॅसेट तिकडे आखातात जाणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवायची.

लग्नाच्या सकाळी तिला स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून बसवलं. आधी लाजली. "ह्या डबड्याशी काय बोलू?" मी म्हटलं, डबडं नाही, दादा बसलाय समोर. आणि काय सांगू, ती बोलायला लागली! हातवारे करून, मध्येच हसून. मी श्वास रोखून मनात मोजत होतो, एक, दोन, तीन. दहा झाले की पुन्हा एकपासून. चेहऱ्यावर उजेड असा पडला होता की शेठनेही मान डोलवावी. ती काय बोलत होती, त्यातलं मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

शेवटी शेवटी तिचे डोळे भरले. लग्नाच्या कॅसेटमध्ये रडणं कशाला, म्हणून मी कॅमेरा हळूच दारावरच्या तोरणाकडे नेला. तिचं नाक ओढून झाल्यावर बंद केला.

त्या वेळी लग्नाच्या कॅसेटला मूळ आवाज ठेवणं म्हणजे कच्चं काम. भांड्यांचा खणखणाट, पोरांची रडारड कोण ऐकणार? मिक्सिंगमध्ये तो सगळा पुसून वर सिनेमाची गाणी टाकायची, ही रीतच होती. शेठने विचारलं, "पूरे में गाना?" मी ऐटीत म्हणालो, "हां, पूरे में." तयार कॅसेट दुकानात बघितली. आई किती स्वच्छ दिसत होती! माझी छाती फुगली. मूळ कॅसेटवर मी पुढच्याच रविवारी दुसरं लग्न शूट केलं. घरी व्हीसीआर नव्हता, त्यामुळे आईने काही बघितलंच नाही.

महिन्याभराने दादाचं पत्र माझ्या नावे आलं. चित्र सुरेख आलंय, असं लिहून खाली एक ओळ होती : आई बोलतेय तिथे गाणं का लावलंस?

मी काय पुसून बसलो ते तेव्हा कळलं. पण मी आईला सांगितलं नाही. दादाला उत्तर लिहिलं, त्यात इकडचं तिकडचं सगळं लिहिलं, तेवढं सोडून. पुढे दादाचं दुसरं पत्र आलं, की करार दोन वर्षांनी वाढवलाय, सही केली. आईने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि तांदूळ निवडायला बसली.

दोन वर्षांनी दादा आला तो व्हीसीआर घेऊनच. त्याने पहिली तीच कॅसेट लावली. खिडकीतला शॉट आला, गाणं सुरू झालं, आणि आई म्हणाली, "अगं बाई! माझा आवाज कुठाय?"

मी मान खाली घातली. दादाने आवाज पूर्ण बंद केला आणि पडद्यावरच्या आईबरोबर तो स्वतःच बोलायला लागला. "जेवतोस ना वेळेवर? उन्हात काम करताना डोक्याला फडकं बांध. मला सुकट आवडते म्हणून तुला आवडतेच असं नाही, पण पाठवते." एकेक शब्द तिच्या ओठांवर बसत होता. तिथल्या खोलीत बघून बघून त्याने सगळं ओळखून काढलं होतं. आई तोंडाला पदर लावून हसत होती. "अस्संच म्हटलं होतं रे मी!"

मग तोरण आलं.

"इथे ह्या शहाण्याने कॅमेरा फिरवला," दादा म्हणाला. "इथे काय म्हणालीस गं?"

आईचं हसू थांबलं.

"ये म्हटलं होतं. पोरीचं लग्न होतंय, आता बास, घरी ये." मग हळूच म्हणाली, "मला वाटलं, तू ऐकलंस आणि तरी सही केलीस."

पडद्यावर तोरण होतं. जराही न हललेलं, मी दहा आकडे मोजून धरलेलं.