पहिलवानाचे नवे नाव

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट. आमचा कुत्रा मांजर दिसले की शेपूट घालून पळतो, म्हणून मी थट्टेने त्याचे नाव पहिलवान ठेवले होते.

केजच्या बाजारात त्याला हाक मारली, तर जागीरदारांचा कारभारी आडवा आला.

"शास्त्रीबुवा, सरकारांचा पहिलवान काल आखाड्यात पडला, अन् तुमी कुत्र्याला पहिलवान म्हणता? नाव बदला, न्हाई तर गोळी घालतो त्याला."

"जी हुजूर," मी हात जोडले आणि तिथेच 'शांतानंद' हे शुद्ध संस्कृत नाव सुचवले.

"मारा हाक."

दहादा मारली. कुत्र्याने कानसुद्धा हलवला नाही. शेवटी दोरी बांधून ओढत घरी आणला.

मी मात्र एका दरडावणीत वाकलो. आम्हा दोघांत पहिलवान कोण, ते तुम्हीच कळवा.