देवव्रतचा कोरियन नमस्कार

आमच्या देवव्रतला इथले वेलिंग्टनकडचे मराठी लोक 'कोरियावाला' म्हणतात आणि त्याला ते कौतुक वाटतं! पुण्याहून इंजिनिअर म्हणून आला, चांगली नोकरी होती, ती सोडून २०१३ साली पीएचडीला बसला. विषय काय, तर कोरियन कुटुंबांतला वडीलधाऱ्यांचा मान. तेव्हापासून मी त्याची बायको कम स्कॉलरशिप. मी सकाळी लोअर हटहून वेलिंग्टनची ट्रेन पकडायचे, हा घरी बसून कोरियन मुलं आईबापांना कशी जपतात ते लिहायचा. त्याची आई आमच्याकडे होती तेव्हा हाक मारायची, "देवू, चहा गार होतोय रे." हा ओरडायचा, "आई, प्लीज! चॅप्टर चालू आहे."

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांची सत्तरी तिथीने कोजागिरीच्या आदल्या दिवशी यायची. मला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "केकबिक काही नको गं विनया. फक्त ह्याने एकदा वाकून नमस्कार करावा. लग्नात भटजींनी मान दाबली म्हणून वाकला, तो शेवटचा."

आता गंमत बघा. कोरियातही आईबापांची सत्तरी थाटात करतात. फळांचे मनोरे रचायचे, त्यामागे आईला बसवायचं आणि मुलांनी जमिनीला कपाळ टेकवायचं. ह्याला थीसिससाठी नेमका त्याचाच फोटो हवा होता. पण इथल्या एकाही कोरियन घराने ह्याला सत्तरीला बोलावलं नव्हतं. बोलावतील कशाला? हा त्यांच्या आज्यांनाच त्यांच्या चालीरीती समजावून सांगत सुटतो! शेवटी ह्याने शक्कल काढली. नेमक्या कोजागिरीच्या आदल्या दिवशी भाड्याने कोरियन पोशाख आणला, टेबलावर सफरचंदं आणि किवी रचले आणि म्हणाला, "आई, जरा हे घालून बस."

सासूबाईंचा चेहरा काय फुलला! "लक्षात होतं तुझ्या?"

मी त्याला किचनमध्ये ओढलं. "अरे शहाण्या, आज खरंच त्यांची सत्तरी आहे."

"काय सांगतेस? स्वीट ॲज!" हा इथल्या बोलीत खूश. "मग फोटो ऑथेंटिकच म्हणायचा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण कॅमेरा माझ्याच हातात दिला होता. हा वाकला. "लाइट नीट नाही, पुन्हा," फोटो बघून म्हणाला. पुन्हा वाकला. किवी घरंगळले, ते गोळा करून पुन्हा. दर वेळी सासूबाई त्याच्या डोक्यावर हात ठेवून "औक्षवंत हो" म्हणायच्या आणि हा पुटपुटायचा, "आई, हात मध्ये नको. कोरियात तसं करत नाहीत."

थीसिस पास झाला. परीक्षकांनी त्या फोटोची तारीफ केली म्हणे. फोटोखाली ओळ होती: 'सत्तरीचा विधी, लोअर हट. ज्येष्ठ महिलेची ओळख गोपनीय.' आणि आईचा चेहरा धूसर केलेला. म्हणे संशोधनाचे नियम! नियम कसले डोंबलाचे? चेहरा दिसला असता तर बाई कोरियाची नसून कोथरूडची आहे हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं.

पुण्याला परतलेल्या सासूबाईंनी फोटो मागितला, तर आमच्या डॉक्टरसाहेबांनी तोच थीसिसमधला पाठवून दिला. मूळ फोटो शोधायला वेळ कुणाला आहे? मी कळल्या कळल्या फोन लावला.

"आई, थांबा, तुमचा चेहरा असलेला शोधून पाठवते मी."

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "फ्रेम करून हॉलमध्ये लावलासुद्धा. माझं तोंड काय, आरशात रोज दिसतं. तो वाकलेला दिसतोय ना, बास."