झाडावरच्या म्हशीचं दूध

शाहूपुरीतल्या खानावळवाल्या शालूबाईनं एका मटण न खाणाऱ्या गोऱ्या पाहुण्याला फसवून मटणाचा पांढरा रस्सा पाजला, ही कुजबूज चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात सगळ्या पेठेत फिरत होती. सांगताना बायका पदर तोंडाला लावायच्या, बाप्ये मिशीत हसायचे. गोऱ्यानं शेवटी बोटं चाटली असंही कुणी कुणी वर जोडायचं. बोटं चाटल्याचं तेवढं खरं होतं.

नवऱ्यामागं शालूबाईनं ही खानावळ एकटीनं उभी केली होती. तिला दागिन्यांची हौस नव्हती. मिरवायचं ते एकच. "माझ्या पाटावरनं अजून कोण उपाशी उठलेलं न्हाय!" हे ती येता-जाता इतकं ऐकवायची, की जेवणाऱ्यांना ते लोणच्यासारखं ताटाच्या कडेला वाढलंय असंच वाटायचं.

अशा बाईच्या दारात शेजारच्या लॉजचा मॅनेजर पिराजी एका उंच, वाळक्या गोऱ्याला घेऊन आला. नाव हॅरल्ड. पिराजीनं वाटेतच त्याचा हरबा केला होता.

"वैनी, ह्ये पावणं गोव्यापास्नं केळी आन् शेंगदाण्यावर हाईत. मटण न्हाय, अंडं न्हाय."

"मग त्यात काय? वरण-भात वाढते, वर तूप."

"तूप न्हाय. दूध, दही, ताक, लोणी, कायबी न्हाय. जनावराचं कायच चालत न्हाय म्हणं. दूध वासराचं असतंय म्हणतोय."

शालूबाईनं हरब्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पैलवान म्हशीखाली भांडं धरून धारोष्ण पितात, त्या गावात येऊन हा दुधाला नाही म्हणतो! "आमी काय वासराला उपाशी मारतो व्हय? बसवा त्येला."

बसवला. पण सवयीचा हात वाईट. बोलता बोलता तिनं भातावर तुपाची धार सोडली, आणि हरब्यानं हात जोडून ताट हळूच पुढं सरकवलं आणि तो उठायला लागला.

जेवणारे माना वळवून बघायला लागले. कोपऱ्यातला केरबा पैलवान तेवढा खिदळला. "वैनी, गडी उपाशी उठला की!"

"उठू दे तर खरं," म्हणत शालूबाईनं हरब्याला खांद्याला धरून परत पाटावर दाबला आणि आत गेली.

सुकी भाकरी आणि ठेचा देऊन भागलं असतं. पण तसं भागवणं म्हणजे तिच्या लेखी हरणंच. कोल्हापुरात आलेला माणूस रस्सा न पिता गेला, तर तो आला कशाला? पांढरा रस्सा पांढरा होतो तो नारळानं, तिळानं, खसखशीनं. मटणाचं पाणी असतं ते रश्श्याच्या अंगाला, दाटपणाला. मग अंगाला दुसरं काहीतरी पाहिजे. चुलीवर पांढरा पावटा शिजत होताच. तिनं त्याचं पाणी काढून घेतलं, वेगळं पातेलं राखेनं घासलं आणि फोडणी शेंगतेलाची दिली.

वाटी पुढं आली. हरब्यानं वास घेतला, डोळे मिटले. तेवढ्यात पिराजीला इंग्रजीची उबळ आली. "कोकोनट! कोकोनटका मिल्क!" त्यातलं 'मिल्क' तेवढं हरब्याच्या कानात शिरलं. परत हात जोडले.

"काय सांगितलंस रं त्येला?"

"नारळाचं दूध म्हटलं."

"दूध म्हणतोस? मुडद्या, त्येच्या तोंडातला घास काढलास!"

ती आतून नारळ घेऊन आली. हरब्याच्या पुढ्यातच उंबऱ्यावर फोडला, खवला आणि फडक्यातून वाटीत पिळला. मग बोट आढ्याकडं करून म्हणाली, "पावणं, ही म्हस झाडावर असती! वासरू-बिसरू कायबी न्हाय!"

पिराजीनं ते हातवारे करून समजावलं. हरबा आधी बावळटासारखा बघत राहिला, मग इतका हसला की त्याला ठसका लागला. पुढं त्यानं वाटीमागून वाटी रिचवली. त्याच वेळी शेजारची चिमणाबाई मागल्या दाराशी विस्तव मागायला उभी होती. गोऱ्याच्या पुढ्यात पांढरा रस्सा बघून ती विस्तव न घेताच परतली. एवढी घाई तिला आजवर कधी झाली नव्हती.

हरबा गावात होता तोवर रोज येत राहिला. निघताना पिराजीनं शिकवलेलं वाक्य त्यानं भर रस्त्यात ओरडून म्हटलं, "आक्का, पोट भरलं!" शालूबाईची मान त्या दिवशी जी ताठ झाली, ती कुजबुजीनंही वाकली नाही.

केरब्यानं एकदा विचारलंच. "वैनी, खरं सांगा, गोऱ्याच्या वाटीत काय हुतं?"

"रस्सा," ती म्हणाली.

त्यापुढं एक अक्षर बोलली नाही. मटणाशिवाय पांढरा रस्सा जमतो हे एकदा कळलं असतं, तर केरबा दर बुधवारी, मटणाच्या दिवशी, वाटी हुंगत बसला असता, ह्यात तरी मटण हाय का म्हणून. त्यापेक्षा लबाड म्हणवून घेणं तिला परवडलं.

त्या पातेल्यात मटण नव्हतं. पावट्याचं पाणी होतं आणि नारळ होता.