चबुतऱ्यावरचा नकाशा

माझ्या सासूबाईंनी नागपूरच्या एका मुलींच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर त्यांची नजर मधोमध धूसर झाली. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी त्या सहा महिन्यांसाठी आमच्याकडे लीड्सला आल्या, तेव्हा लंडन पाहायचंय असं काही त्या म्हणाल्या नाहीत. इथल्या किनाऱ्यावरच्या एका गावात नवे किनारे शोधायला निघालेल्या एका जुन्या दर्यावर्दीचा पुतळा आहे, एवढं त्यांना ठाऊक होतं.

"तेवढा दाखवा," त्या म्हणाल्या. "दरवर्षी सातवीत शिकवलाय मी तो."

मे महिन्यातल्या बँक हॉलिडेच्या सुट्टीला आम्ही तिघं गाडीने गेलो. कार पार्कपासून टेकाडावर चढायला त्यांना बराच वेळ लागला. वारा इतका, की नवऱ्याने त्यांना दंडाला घट्ट धरलं होतं. पुतळा उंच होता, त्यामुळे नवराच त्यांना वर्णन करून सांगत होता. "डोक्यावर तिकोनी टोपी, हातात गुंडाळलेला कागद आणि टोपीवर एक सीगल पक्षी बसलाय, आई."

चबुतऱ्यावर छातीच्या उंचीला ब्राँझची मोठी पाटी होती. जगाचा नकाशा, आणि त्यावर दोन सफरींच्या उठावदार रेघा. पहिली सलग, दुसरी तुटक. सासूबाईंनी हातमोजे काढून माझ्या हातात दिले आणि बोटं टेकवली.

"हे इंग्लंड. हा पोर्तुगाल. ही आफ्रिका..." बोट थांबलं. "सलग रेघ कुठली?"

"पहिली सफर."

"मग ती अमेरिकेकडे का चाललीय? पहिल्या खेपेला तो आफ्रिकेला वळसा घालून गेला. अमेरिकेच्या टोकावरून गेला तो दुसऱ्या खेपेला. ज्याने पाटी केली त्याने उलटं केलंय. इथल्या गावच्या कौन्सिलला कळवायला हवं."

आणि तिथेच उभ्या उभ्या त्या पत्राचा मजकूर सांगायला लागल्या. मी कौन्सिलचा ईमेल शोधायला फोन काढला आणि सवयीने आधी सफरींची माहिती उघडली. ऑफिसात माझं कामच ते, दुसऱ्याने लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढणं. तीन ठिकाणी पाहिलं. पाटी बरोबर होती.

मी फोन नवऱ्याला दाखवला. तो हळूच म्हणाला, "राहू दे ना. कशाला सांगतेस आता?"

मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण त्यांचं पत्र तिसऱ्या वाक्यापर्यंत आलं होतं, आणि ते मी पाठवल्याचं नाटक करणं मला जमलं नसतं.

"आई, मी नीट पाहिलं. पाटी बरोबर आहे."

सलग रेघेवरून इंग्लंडपासून परत इंग्लंडपर्यंत त्यांनी बोट फिरवलं. मग तुटक रेघेवरून. मग बाकावर जाऊन बसल्या. आम्ही चिप्स आणल्या, तर पुडा नुसता हातात धरून राहिल्या.

"वर्गातल्या भिंतीवरचा नकाशा मीच रंगवला होता," त्या म्हणाल्या. "पहिल्याच वर्षी घोळ झाला असणार. मग दरवर्षी त्याच्यावर छडी ठेवून शिकवत गेले. पुस्तक परत कशाला उघडतेय मी!"

"पण आई, त्यामुळे कुणाचं काय बिघडलं?"

"गणिताच्या बाईंनी सात पंचे चाळीस शिकवलं असतं, तर असं म्हणाली असतीस?"

परतताना गाडीतूनच त्यांनी जुन्या विद्यार्थिनींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाजी निरोप पाठवला. "मुलींनो, सातवीतला सागरी सफरींचा धडा मी तुम्हाला उलटा शिकवला. पहिली सफर पश्चिमेकडून, दुसरी पूर्वेकडून. वह्या आता कुणाकडे नसतील. डोक्यात तरी दुरुस्त करा." या मुली आता चाळिशी-पन्नाशीच्या.

सकाळी चहाच्या वेळी मी उत्तरं वाचून दाखवली. बहुतेकींनी हात जोडल्याच्या, हसण्याच्या इमोजी पाठवल्या होत्या. एकीने लिहिलं होतं, "बाई, मी वर्ध्याला शिक्षिका आहे. मीपण फळ्यावर तसंच काढते. उद्याच नीट करते."

"बघ," सासूबाई ताठ बसत म्हणाल्या, "म्हणजे चालूच होतं ते!"

दुसरीने गमतीत लिहिलं होतं, "परत एकदा शिकवा ना, बाई." सासूबाईंना त्यात गंमत वाटली नाही. त्या तयारीलाच लागल्या. मी लायब्ररीतून पुस्तकं आणून रोज संध्याकाळी वाचून दाखवायची. मोठ्या पुठ्ठ्यावर खंडांचे आकार कापून चिकटवले आणि सफरींसाठी लाल आणि निळी लोकर लावली, त्यांना हाताने कळावं म्हणून. पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी दहाला, लॅपटॉपवर एकोणीस चौकोन उघडले. सासूबाईंनी आधी हजेरी घेतली.

तास छान रंगला होता. मध्येच कॅमेरा बंद असलेल्या एकीचा आवाज आला. "बाई, तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं. त्या किनाऱ्यांवर आधीपासून माणसं राहत होती, तर यानं शोधलं काय? तुम्ही म्हणालात, बस खाली, हे परीक्षेला येत नाही."

मी लॅपटॉपशेजारीच बसले होते. सासूबाईंकडे वळून पाहिलं.

"मला आठवत नाही," सासूबाई म्हणाल्या. "पण म्हणाले असेन. चुकलंच माझं, तुझा प्रश्न बरोबर होता." लोकरीवरचं बोट त्यांनी उचललं. "त्या किनाऱ्यांवर माणसं होती. पिढ्यान्पिढ्या होती. नवं होतं ते फक्त बोटीवरच्यांना. आणि बोटी आल्यावर त्या माणसांचं काय झालं, ते मी कधी शिकवलंच नाही. आज शिकवते. तू आधी कॅमेरा लाव. मला पूर्ण दिसत नाही, पण कडेने दिसशील."

कॅमेरा लागला. पिकल्या केसांची एक बाई ओट्यापाशी उभी होती. तिने मागचा गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसली.

सासूबाई त्या पावसाळ्यात नागपूरला परत गेल्या. तास मात्र दर महिन्याला होतो, आता नद्या चालू आहेत. मीसुद्धा बसते. गेल्या वेळी ब्रह्मपुत्रेवर माझं उत्तर चुकलं, तेव्हा एकोणीस बायका एकदम हसल्या, आणि सासूबाई म्हणाल्या, "हसू नका गं, सुधारेल ती."