चर्चच्या अंगणात पेणचे पापड

परदेशात माझ्या इंग्रजीची पहिल्यांदा खरी गरज पडली ती पापड हे पापडच आहेत, एवढं सांगायला. तेही मला जमलं नाही.

आम्ही रोह्याशेजारच्या अष्टमी गावचे. घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. त्यामुळे थायलंडच्या डोंगरातल्या एका गावी उन्हाळाभर मुलांना इंग्रजी शिकवायला आमच्या चर्चने स्वयंसेवक मागितले, तेव्हा बाबांनी मला न विचारताच माझं नाव दिलं. बाबांच्या कंपनीतल्या तिन्ही शिफ्टना बातमी कळली. "आमचा दावीद परदेशात सर झाला." (सर तोवर आरशासमोरसुद्धा दबक्या आवाजात इंग्रजी बोलत होते.)

आईचं माहेर पापडांच्या पेणचं. म्हणून माझ्या बॅगेत पुस्तकं कमी आणि पोह्याचे पापड जास्त.

"अगं, तिकडं पण माणसं जेवतात," बाबा म्हणाले.

"जेवत असतील. पण पोह्याचा पापड हाय का त्यांच्याकडं?"

बाबा चेन लावायला बॅगेवर बसले.

गाव पाहून मी थक्कच झालो. सकाळी खिडकी उघडली की ढग आत येऊन बसायचे. मुलं तर त्याहून नवलाची. मी वर्गात शिरलो की सगळी उठून हात जोडायची. मला पाहून आजवर कोणी उठलं नव्हतं; एसटीत तर मलाच उठवायचे. पण हात जोडून झाले की मुलं गप्प. मी "गुड मॉर्निंग" म्हणायचो, ती आदराने बघत राहायची. मी आणखी हळू म्हणायचो, ती आणखी आदराने बघायची.

शेवटी तिथल्या चर्चचे पाळक मायेने इंग्रजीत म्हणाले, "रविवारी उपासनेनंतर आईबाप थांबतील. मुलांनी इंग्रजीत एक तरी वाक्य बोलावं. नाही जमलं तर वर्ग दुसऱ्या कोणाला देऊ. तुम्ही भाजीचे वाफे सांभाळा."

वाफ्यांचं मला वावडं नव्हतं. पण बाबा तिन्ही शिफ्टना काय सांगणार होते?

रविवारी सकाळी मी घामाघूम होऊन वाक्यं घोकत होतो, तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. ती पेणला मामाकडे, आळीतल्या बायकांबरोबर पापड लाटायला बसली होती.

"पापडांना ऊन दाखवलंस?"

"आई, आज माझ्या मुलांचं..."

"ढगात ऱ्हातोस तू. बुरशी धरंल. मागं ऊन दिसतंय मला. घाल आत्ताच्या आत्ता."

चर्चच्या अंगणात लांब टेबल होतं. त्यावर मी आईनेच दिलेली पांढरी चादर अंथरली, फोन कुंडीला टेकवला आणि हुकूम पाळू लागलो.

"ओळीत लाव. अंगावर अंग नको. चपला काढ आधी, खायच्या वस्तूजवळ चपला? डोक्यावर टॉवेल घे. आणि आता राखणीला बस. हलू नको. राखणारा हलला की कावळ्याला कळतं, ह्यो कच्चा हाय."

तर चित्र असं: रविवारची सकाळ, चर्चचं दार, पांढऱ्या चादरीवर पांढऱ्या गोल चकत्यांच्या ओळी आणि बाजूला अनवाणी, डोकं झाकलेला, अजिबात न हलणारा मी. त्या गावात प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत उपासनेत वाटायची, पातळ गोल भाकर खालच्या शहरातून येत असे, आणि दरड कोसळल्यामुळे बरेच रविवार ती आलीच नव्हती. हे मला माहीत होतं. फक्त आठवलं नाही.

आधी एक आजोबा आले. थबकले. चपला काढून त्यांनी मान झुकवली. मला वाटलं, काय संस्कारी गाव आहे, पापडाचाही मान राखतात! मग त्यांची सून आली, शेजारी आले, माझा वर्ग आला. चर्चच्या आत कोणीच जाईना. सगळे अनवाणी, टेबलाभोवती, श्वास रोखून. त्या शांततेने माझ्याही अंगावर काटा आला, पण कशासाठी ते कळेना.

पाळक आले. त्यांचाही आवाज खाली गेला. "हे भारतातून आणलंत?"

"हो."

"कोणी केलं?"

"आईने. स्वतःच्या हातांनी."

त्यांनी ते लोकांना सांगितलं. एक आजी डोळे पुसू लागली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"नाही, नाही," मी इंग्रजीत म्हणालो. पुढचं सगळं इंग्रजी पळून गेलं. मी बोट दाखवून कसंबसं म्हणालो, "पापड."

"पापड," सगळं अंगण भक्तिभावाने म्हणालं. माझा वर्गसुद्धा. त्या मुलांच्या तोंडून मी ऐकलेला हा पहिला शब्द.

"दाव्या, कोण रे ती माणसं?" कुंडीतून आवाज आला.

सगळे वळले. "या त्या आई?" पाळकांनी विचारलं. मी मान हलवताच सगळ्यांनी फोनला वाकून हात जोडले.

आईने पिठाच्या हाताने पदर डोक्यावर घेतला. मागून मामीने विचारलं, "कोण गो?"

"दाव्याच्या शाळेतली. बसा ना, उभी का सगळी?"

"आई, यांना वाटतंय हे प्रभुभोजनासाठी आहे," मी कुजबुजलो.

आईने लाटणं खाली ठेवलं. "अरे, मग खरं सांग त्यांना. हिंग हाय त्यात."

"सांगता येत नाय."

"तोंडानं नाय येत तर भाजून दाखव."

मी स्वयंपाकघरातली पेटती शेगडी आणली आणि चिमट्यात एक पापड धरला. तो फुलला, वाकला, दुप्पट झाला. लोक एक पाऊल मागे सरले. मग हिंगमिरचीचा वास पसरला. पाळकांना ठसका लागला, ठसक्याचं हसू झालं आणि हसता हसता ते पायरीवरच बसले. रडणाऱ्या आजीने सगळ्यांत आधी हात पुढे केला.

उपासनेनंतर मी शेगडीपाशी बसलो, मुलांना एक इंग्रजी वाक्य म्हणून दाखवलं आणि पाळकांकरवी सांगितलं, आधी वाक्य, मग पापड. "सर, कृपया मला एक पापड द्या," पहिली मुलगी इंग्रजीत पुटपुटली. दुसऱ्या पापडाला तिचा आवाज खणखणीत झाला. रांगेतला प्रत्येकजण बोलला. आईबापांनी टाळ्या वाजवल्या. भाजीचे वाफे माझ्यापासून वाचले.

यंदा पुन्हा बोलावणं आलंय. आईला. तिला इंग्रजी येत नाही, असं मी पाळकांना कळवलं. ते म्हणाले, "गेल्या वेळी तरी त्यावाचून कुठे अडलं होतं?"

बाबांनी लगेच तिन्ही शिफ्टना सांगितलं, "आमची मंडळी परदेशात शिकवायला चालली." कोणीतरी विचारलं, आणि पोरगा?

"तो हाय ना. बॅग उचलायला."